मालमोटारीचे भाडे कोण भरतो?

व्यापाऱ्याने आपला माल रस्त्याने पाठवावा की रेल्वेने, हा प्रश्न वरकरणी त्याच्या खतावणीपुरता दिसतो. ज्याचा माल त्याचे भाडे, आणि ज्याचे भाडे त्याचा निर्णय. इतरांनी त्यात पडण्याचे कारण काय, असे कोणीही विचारील. परंतु देशभरचे असंख्य व्यापारी, बागायतदार आणि कारखानदार हा निर्णय रोज घेत असतात, आणि त्या साऱ्या निर्णयांच्या बेरजेतून महामार्गांची अवस्था, डिझेलची आयात, अपघातांचे आकडे व मंडईतले भाव ठरत असतात. खतावणीतला खासगी प्रश्न अशा रीतीने सार्वजनिक होतो. ज्याने आयुष्यात कधी पोतेभर मालही परगावी पाठवलेला नाही, त्या शिक्षकाचा आणि कारकुनाचाही या निर्णयाशी संबंध पोहोचतो.

स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत देशातील मालवाहतुकीचा आठ-दशांशाहून अधिक भार रेल्वे वाहत होती. आज हे प्रमाण जवळजवळ उलटे झाले आहे. राष्ट्रीय रेल्वे योजनेने रेल्वेचा वाटा २७ टक्क्यांच्या आसपास उतरल्याचे नमूद करून २०३० पर्यंत तो ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट समोर ठेवले. या स्थित्यंतराविषयी आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे व्यापारी अदूरदर्शी आहे. राष्ट्रहिताची, पर्यावरणाची त्याला पर्वा नाही. दुसऱ्या मताप्रमाणे बाजाराने आपला निकाल दिलेला आहे, मालगाडीचा जमाना संपला आहे, आणि आता त्याबद्दल खेद करण्यात अर्थ नाही. माझ्या मते ही दोन्ही मते अपुरी आहेत. व्यापारी मालमोटार निवडतो तेव्हा त्याच्या हाती असलेल्या बिलाप्रमाणे त्याचा निर्णय बहुधा बरोबरच असतो. चूक आहे ती त्या बिलात. रेल्वेचे बिल काही खर्च दाखवत नाही. रस्त्याचे बिल त्याहून वेगळे, परंतु तितकेच खरे खर्च दाखवत नाही.

केळीचा हिशेब

खानदेशातील केळीचे उदाहरण घेऊ. तापीकाठच्या रावेर, यावल भागातील केळीचा मोठा बाजार उत्तर भारतात आहे. एके काळी रावेर व सावदा या स्थानकांवरून वाघिणी भरून केळी दिल्लीकडे रवाना होत असे. पुढे हा माल मोठ्या प्रमाणावर मालमोटारींकडे वळला. अंतर सुमारे अकराशे किलोमीटर. अर्थशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात दिलेला नियम असा की, माल मोठ्या प्रमाणावर असेल आणि अंतर लांबचे असेल तर रेल्वे स्वस्त पडते. थोडा माल व जवळचे अंतर असेल तर मोटार. या नियमाप्रमाणे केळीने रेल्वे सोडण्याचे कारण नव्हते. मग ती का सोडली?

उत्तरासाठी एक छोटे गणित मांडू. पुढील आकडे केवळ युक्तिवाद स्पष्ट व्हावा म्हणून कल्पिलेले आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. मालमोटारीचा दर टनामागे, किलोमीटरमागे ३ रुपये आणि रेल्वेचा दीड रुपया धरू. म्हणजे रेल्वे निम्म्याने स्वस्त. परंतु मालमोटार बागेच्या बांधावर येते आणि थेट अडत्याच्या गाळ्यासमोर उभी राहते. रेल्वेला मात्र बागेतून मालधक्क्यापर्यंत एक मोटार, तेथे चढवण्याची हमाली, शेवटच्या स्थानकावर उतरवण्याची हमाली आणि पुन्हा बाजारापर्यंत दुसरी मोटार लागते. हा दोन टोकांचा खर्च टनामागे ६०० रुपये धरू. आता हिशेब करता असे दिसेल की ४०० किलोमीटरपर्यंत मोटार स्वस्त आणि त्यापुढे रेल्वे. टोकांचा हा खर्च ९०० रुपये झाला तर हीच सीमारेषा ६०० किलोमीटरवर सरकते. रेल्वेचा खरा प्रतिस्पर्धी रुळांच्या मधल्या लांबीवर नसून दोन टोकांच्या मालधक्क्यांवर उभा आहे, ही गोष्ट येथेच स्पष्ट होते.

अकराशे किलोमीटरवर मोटारीचा खर्च टनाला ३,३०० रुपये, आणि रेल्वेचा १,६५० अधिक ६०० म्हणजे २,२५० रुपये. टनामागे १,०५० रुपयांची बचत. वीस टनांवर २१,००० रुपयांची. येथवर पाठ्यपुस्तकाचा विजय झाला. परंतु व्यापारी येथे थांबत नाही. केळी पाच लाख रुपयांची आहे. रेल्वेने ती दोन दिवस उशिरा पोहोचली तर अडकलेल्या भांडवलावरचे व्याज, वर्षाला १२ टक्के धरूनही, सुमारे ३३० रुपये. हा खर्च किरकोळ आहे. खरा खर्च पुढे आहे. चार ठिकाणी हाताळल्यामुळे आणि उन्हात उभी राहिल्यामुळे जर चार टक्के माल अधिक खराब झाला, तर २०,००० रुपये गेले. एकवीस हजारांच्या बचतीतून उरले जेमतेम पावणेसातशे. एवढ्यासाठी बाजाराचा दिवस चुकण्याची जोखीम कोण घेईल? हुंडेकऱ्याला एक निरोप धाडला की संध्याकाळी मोटार दारात उभी राहते, वाटेत ती कोठे आहे हे चालकाला विचारता येते, आणि पहाटेच्या लिलावाला माल हजर होतो. व्यापारी जे विकत घेत असतो ते नुसते किलोमीटर नव्हेत. तो खात्री विकत घेत असतो.

अर्थात मालाचा प्रकार बदलला की हिशेबही बदलतो. सिमेंट, कोळसा, खते किंवा धान्य दोन दिवस उशिरा पोहोचल्याने नासत नाही. तेथे पाठ्यपुस्तकाचा नियम बहुतांशी टिकून आहे, आणि रेल्वेचा मालव्यापारही मुख्यतः अशाच जिनसांवर चालतो. उलट इचलकरंजीचे कापड थोडक्या जागेत मोठी किंमत सामावते; त्याच्या किमतीच्या मानाने भाडे अल्प, पण चोरी, भिजणे आणि हंगाम चुकणे यांची धास्ती मोठी.

सही करण्यापूर्वी

यासंबंधी कायद्याची बाजूही लहान व्यापाऱ्याने समजून घेतली पाहिजे. रेल्वेने माल पाठवताना त्याची किंमत जाहीर करून जादा आकार भरलेला नसेल, तर नुकसानीबद्दलची रेल्वेची जबाबदारी सर्वसाधारण मालासाठी किलोमागे ५० रुपयांपर्यंत मर्यादित आहे. केळीला ही मर्यादा अपुरी नाही. कापडाला किंवा यंत्राच्या सुट्या भागांना ती नगण्य आहे. रस्त्याच्या वाहतुकीला १८६५ चा वाहक कायदा जवळजवळ दीड शतक लागू होता. त्याची जागा घेणारा २००७ चा कायदा १ मार्च २०११ पासून अमलात आला. त्याखालील नियमांनी वाहकाची जबाबदारी, मालाची किंमत अधिक जाहीर करून जोखीम त्याच्यावर सोपवलेली नसेल तर, भाड्याच्या दहा पटींपर्यंत सीमित केली आहे; आणि नुकसानीचा दावा करावयाचा तर माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. बिल्टीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत काय छापले आहे हे न वाचता सही करणारा व्यापारी अडीच हजारांच्या भाड्यात पाच लाखांचा माल सुरक्षित झाला असे समजत असतो. विम्याचा हप्ता वाचवून मिळवलेला स्वस्तपणा हा पहिला अपघात होईपर्यंतच टिकतो.

रेल्वेने सोडलेले गिऱ्हाईक

मालाने रेल्वेकडे पाठ फिरवली असे आपण म्हणतो. रेल्वेनेही लहान मालाकडे पाठ फिरवली हे सांगायला विसरतो. एक-दोन वाघिणींचा माल गोळा करणे, तो जंक्शनवर वेगळा करून दुसऱ्या गाडीला जोडणे, हे काम खर्चाचे व वेळखाऊ होते. त्यामुळे १९८० नंतरच्या काळात रेल्वेने सुट्या वाघिणींऐवजी एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी जाणारी संपूर्ण मालगाडी हे आपले धोरण ठरवले. तिच्या दृष्टीने ते शहाणपणाचे होते. वाघिणींचा वापर सुधारला, कोळसा व लोखंड वेगाने हलू लागले. परंतु ज्याच्यापाशी गाडीभर माल नाही अशा बागायतदाराला आणि कारखानदाराला मालधक्क्याचे दार त्यामुळे बंद झाले.

दुसरे कारण आपणा सर्वांच्या खिशाशी निगडित आहे. प्रवासी भाडे कमी ठेवून त्यातील तूट मालभाड्यातून भरून काढण्याची पद्धत आपल्या रेल्वेत दीर्घकाळ चालत आलेली आहे. त्याच रुळांवर प्रवासी गाड्यांना वाट देण्यासाठी मालगाडी बाजूच्या मार्गिकेवर तासन्‌तास उभी राहते, आणि तिचा सरासरी वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास घोटाळतो. स्वस्त तिकिटावर गावी जाणारा नोकरदार आणि त्याच गाडीला वाट देत उभी असलेली मालगाडी यांचा संबंध सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. स्वस्त प्रवास ही सामाजिक गरज आहे हे मान्य; पण तिचा भार मालावर टाकला की माल रस्त्यावर जातो, आणि तेथे त्याचा खर्च आपण वेगळ्या खिशातून भरतो. पश्चिमेकडे दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर असा १,५०६ किलोमीटरचा केवळ मालगाड्यांसाठीचा मार्ग आखला गेला तो याच अडचणीवर उपाय म्हणून. भुसावळचा मार्ग त्यावर नाही, हे केळीच्या बागायतदाराने विसरू नये.

याउलट रस्त्याची सोय या काळात वाढतच गेली. १९७५ मध्ये राष्ट्रीय परवान्याची योजना आली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईसारख्या शहराच्या वेशीवरची जकात संपली, राज्यांच्या सीमांवरील करतपासणीच्या रांगा ओसरल्या. नवे महामार्ग झाले. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला. या सुधारणा स्वागतार्हच आहेत. परंतु स्पर्धेतील एका गड्याची वाट सतत सपाट होत असताना दुसरा मागे पडला, तर त्याला केवळ आळशी ठरवणे न्यायाचे नाही.

रेल्वेने मनावर घेतले तर काय होते याचा एक प्रयोग आपण अलीकडेच पाहिला. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारमधील दानापूरकडे पहिली किसान रेल्वे निघाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून फळे व भाज्यांच्या भाड्यात निम्मी सवलत मिळू लागली. शंभरावी गाडी २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे गेली. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये एक हजारावी गाडी सावद्याची केळी घेऊनच दिल्लीच्या आदर्शनगरकडे रवाना झाली. ठराविक वेळापत्रक, वाटेत थोडाथोडा माल घेण्याची व उतरवण्याची सोय आणि कमी भाडे, एवढ्या तीन गोष्टींनी रस्त्यावर गेलेला माल पुन्हा रुळावर आला. यातील भाड्याच्या सवलतीचीच चर्चा अधिक झाली. मला वेळापत्रक अधिक महत्त्वाचे वाटते. वर मांडलेल्या गणितात सवलतीशिवायही रेल्वे एकवीस हजारांनी स्वस्तच होती. ती हरली ती नासाडीमुळे, म्हणजे अनिश्चिततेमुळे. सवलतीवर उभी केलेली व्यवस्था सवलतीइतकीच टिकते. नियमितपणावर उभी केलेली व्यवस्था आपले गिऱ्हाईक स्वतः टिकवते.

रस्त्याच्या बिलात नसलेले आकडे

आता दुसरी बाजू. मालमोटारीचा दर तीन रुपये असला तरी तिच्या प्रवासाचा खर्च तीन रुपये नसतो. बाकीचा खर्च दुसरेच कोणी भरत असतात.

पहिला खर्च रस्त्याचा. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर भारित वाहने अखंड फिरवून एक मोठी चाचणी घेण्यात आली. तिचा निष्कर्ष असा की, आसावरील भार वाढला की रस्त्याची झीज त्याच्या स्थूलमानाने चौथ्या घाताने वाढते. आसावरचा भार दुप्पट झाला तर झीज दुप्पट न होता सुमारे सोळा पट होते. आपल्याकडे जुलै २०१८ मध्ये चार चाकांच्या एका आसावरील भाराची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आली. भार वाढला सुमारे तेरा टक्के. या नियमाने झीज वाढते साठ टक्क्यांहून अधिक. ही झाली कायदेशीर मर्यादेची गोष्ट. बेकायदा जादा माल भरलेली मोटार रस्त्याचे काय करीत असेल याची कल्पना पावसाळ्यानंतर कोणत्याही राज्यमार्गावरून एस.टी.ने जाणाऱ्यास करून देण्याची आवश्यकता नाही. वाहनकर, डिझेलवरील कर व पथकर यांतून मालमोटार काही परतफेड करते हे खरे. परंतु तो भरणा भाराच्या चौथ्या घाताने वाढत नाही.

दुसरा खर्च जिवांचा. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. या सर्वांना मालमोटारी जबाबदार आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु मरणाऱ्यांत सर्वाधिक दुचाकीस्वार व पादचारी असतात, आणि ज्या रस्त्यावरून ते जातात त्याच रस्त्यावरून वीस-वीस टनांचा माल रात्रंदिवस धावत असतो. या माणसांचा हिशेब कोणत्याही बिल्टीवर लिहिला जात नाही.

तिसरा खर्च चालकाच्या झोपेचा. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने साधारणपणे दिवसाला आठ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. लांब पल्ल्याच्या मालमोटारीवरील चालक-क्लीनरांना हा कायदा ऐकूनही ठाऊक नसेल. पहाटेच्या लिलावाला माल पोहोचवण्याची जी खात्री व्यापारी विकत घेतो, ती पुष्कळदा या माणसाच्या जागरणातून तयार झालेली असते. मोटारीच्या कक्षात थंड हवेचे यंत्र असावे असा नियम १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या जड मालवाहनांना लागू झाला, हे चांगलेच झाले. परंतु थंड हवा ही झोपेची जागा घेऊ शकत नाही.

बंदी नको, पुरा हिशेब हवा

मग रस्त्यावरून माल नेण्यास आडकाठी करावी काय? हा मार्ग आपण पूर्वी चोखाळलेला आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांची जी पद्धत आणली, तिच्यामागे रेल्वेला स्पर्धेपासून वाचवणे हाही एक हेतू होता. तिच्यातून रेल्वे कार्यक्षम झाली नाही. परवान्यांचा व्यापार मात्र वाढला. गिऱ्हाइकाला कोंडून कोणतीही सेवा सुधारत नसते. दुसरे असे की, मालमोटारीवर लहान गावांचे अर्थकारण उभे आहे. ज्या तालुक्यात रूळ नाहीत तेथील शेतकऱ्याला मोटारीने बाजार दाखवला. हे तिचे ऋण नाकारता येणार नाही.

उपाय आहे तो दोन्ही बिले पुरी करण्याचा. रेल्वेने मालधक्के सुधारावेत, तेथे छप्पर, शीतगृह आणि मोटारींना वळण्यापुरती जागा असावी. अनेक लहान बागायतदारांचा माल एकत्र करणाऱ्या सहकारी संघांना व हुंडेकऱ्यांना ठरलेल्या दिवशी ठरलेली वाघीण मिळावी. आणि गाडीला उशीर झाल्यास काही भरपाई आपोआप मिळावी. खात्री ही विकण्याजोगी वस्तू आहे असे एकदा मानले की तिची किंमत आणि तिची हमी दोन्ही ठरवता येतात.

रस्त्यावर जादा मालाला आळा घालावयाचा तर दंड योग्य माणसाला झाला पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने जादा मालाबद्दल वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनाला दोन हजार रुपये असा दंड ठेवला आहे. दंड जबर आहे. परंतु वजनकाट्यावर सापडतो तो चालक. ज्याने भाडे पाडून जादा माल भरायला लावले, तो माल पाठवणारा बहुधा आपल्या गादीवर निश्चिंत असतो. बिल्टीवर ज्याची सही, त्याच्यावर जबाबदारी, हे सूत्र येथे लावले की वजनकाट्याचे काम मालाच्या वखारीतच होऊ लागेल. चालकांच्या तासांनाही हेच सूत्र लागू करता येईल. एका चालकाकडून अशक्य वेळेत माल मागणारा हा त्या जागरणातला भागीदार मानला गेला पाहिजे.

आणि मोटार व रेल्वे यांना सनातन वैरी मानण्याचे कारणही नाही. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते वेर्णा अशी, भरलेली मालमोटारच गाडीवर चढवून नेण्याची सेवा सुरू केली. पुढे ती सुरतकलपर्यंत गेली. घाटातले जागरण टळते, डिझेल वाचते, आणि दोन्ही टोकांना मोटारीची सोय कायम राहते. मालगाड्यांच्या पश्चिम मार्गावर पालनपूर-रेवाडी दरम्यान दुधाचे टँकरही याच पद्धतीने नेले गेले आहेत. ज्या दोन टोकांच्या खर्चाने रेल्वेला हरवले, त्याला हे सरळ उत्तर आहे. खानदेशच्या केळीला ते का लागू होऊ नये, हा प्रश्न तेथील लोकप्रतिनिधींनी विचारण्याजोगा आहे.

तोपर्यंत व्यापारी मालमोटारच बोलावील, आणि त्याला दोष देणे व्यर्थ आहे. त्याने एवढेच करावे की, भाड्याचा आकडा पाहताना नासाडी, विमा, हमाली आणि परतीची रिकामी फेरी हेही एकदा कागदावर मांडून पाहावे. कित्येकदा हाताला पडलेली सवय हीच हिशेब म्हणून चालत असते. आणि आपण, ज्यांना केळी डझनाच्या भावाने ठाऊक आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावे की त्या भावात न आलेला खर्च माफ झालेला नसतो. तो खड्ड्यांच्या रूपाने, करांच्या रूपाने आणि रस्त्यावर सांडलेल्या रक्ताच्या रूपाने वसूल होतच असतो. हे भाडे कोणाला तरी भरावे लागणारच आहे. ते बिलावर आणि योग्य नावावर लिहिले जावे, एवढीच मागणी आहे.